जुडी निवडणार कोण?

भोगीला चार दिवस राहिले होते. जुन्नर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत त्या दुपारी सहज डोकावलो. तिथल्या बाई ओळखीच्या, आणि त्यांच्या परसबागेबद्दल बरंच ऐकलेलं. पोचलो तेव्हा पंगत नुकतीच उठली होती. मुलं आपापलं ताट नळाखाली धरत होती. नळाशेजारी उष्ट्याची बादली होती. तिच्यात भाताचं शीतही सापडेना. होती ती सगळी भाजी. कोबीचे तुकडे, गाजराच्या चकत्या, टोमॅटोची सालं, कढीपत्ता. 84 मुलांनी दोन बोटांच्या चिमटीनं, सोनाराच्या नजरेनं वेचून काढलेली.

ओट्यावर तिघं बसली होती. बाई गेली सहा वर्षं या शाळेत. आबा गावातले बागायतदार. टोमॅटो, मेथी, कोथिंबीर करतात, नातू तिसरीत. उद्याच्या जेवणासाठी म्हणून त्यांनी गाडीवरून मेथीच्या 25 जुड्यांचं पोतं आणून टाकलं होतं आणि दान करून झालेल्या माणसासारखे ते निवांत भिंतीला टेकले होते. तिसऱ्या मावशी, शाळेचा पोषण आहार शिजवणाऱ्या. त्या पोत्याकडे बघत होत्या, पण खुशीत काही दिसत नव्हत्या.

पुढचं बोलणं जसं आठवतं तसं देतो.

आबा : बाई, ही बादली आमच्या गोठ्यावर पाठवत जा. म्हैस तरी आवडीनं खाईल. तुम्ही उगाच पोरांच्या मागं लागलाय.

बाई : हसू नका आबा. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 50 ग्रॅम भाजी मिळावी, असं पोषण आहार योजनेचं माप आहे. ताटात किती पडते ते वहीत लिहिलेलं असतं. पोटात किती जाते ते ही बादली सांगते.

आबा : ताटात तरी 50 ग्रॅम पडते का? हिशोब करू. 84 पोरं, 50 ग्रॅम, म्हंजे चार किलो दोनशे. वर्षाचा बरावाईट भाव धरून साठ रुपये किलो लावा. अडीचशे रुपये झाले. पोरामागं तीन रुपये. आन् सरकार देतं किती?

बाई : 2025 च्या मे महिन्यापासून प्राथमिकच्या मुलाला दिवसाला 6 रुपये 78 पैसे. तांदूळ वेगळा येतो. पण डाळ, तेल, मसाला, भाजी, गॅस, सगळं यातच.

आबा : बघा! निम्मे पैसे भाजीतच गेले, तर वरणाला काय पाणी घालायचं? कोपऱ्यावरची चिप्सची पुडी पाच रुपयाला. सरकार पोराच्या अख्ख्या जेवणाला पुडीपेक्षा दीड-पावणेदोन रुपये जास्त देतं. तुम्ही म्हणता पोरं भाजी खात नाय. मी म्हणतो, त्यांना भाजी मनापासून दिलीच कुणी?

बाई : म्हणजे सगळा दोष पैशाचा?

आबा : पैशाचा आन् बाजाराचा. 2023 चा जुलै आठवा. टोमॅटो शंभराच्या पार गेला. नारायणगावात वीस किलोच्या कॅरेटला दोन हजारांच्या वर मिळत होते. त्या महिन्यात शाळेच्या खिचडीत टोमॅटो दिसला का? कसा दिसणार! आन् गणपतीपर्यंत भाव असा झोपला, की तोडणीची मजुरी निघेना. कुणी बांधावर ओतला, कुणी उभ्या पिकात रोटर फिरवला. एकाच तालुक्यात एकीकडं टोमॅटोचा चिखल, दुसरीकडं कोरडी खिचडी. हे जुळवायचं सोडून तुम्ही फळ्यावर लिहिता, ‘भाज्या खा, निरोगी राहा’. फळ्यावर लिहून कधी कुणाच्या पोटात भाजी गेली का?

बाई : तुमचा राग खरा आहे. पण पुढचंही आठवा. बांधावर ओतायच्या आधी तुम्ही दोन कॅरेट शाळेत पाठवले होते.

आबा : पाठवले होते ना. फुकट. मोजून निवडलेला माल.

बाई : मावशींनी चार दिवस खिचडीत, वरणात, कोशिंबिरीत टोमॅटो घातला. मुलांनी तो वेचून त्याच बादलीत टाकला. पैसा आडवा नव्हता, बाजारही आडवा नव्हता. टोमॅटो ताटात होता, तरी तोंडात गेला नाही. याला काय म्हणाल?

आबा : लाड म्हणेन. दुसरं काय? आमच्या वेळी ताटात पडेल ते खायचं, नायतर उपाशी झोपायचं. साने गुरुजींचा ‘अळणी भाजी’चा धडा तुम्हीच शिकवता की. भाजीत मीठ नव्हतं, तरी पोरांनी मुकाट खाल्ली.

बाई : तीच गोष्ट नीट बघा. त्यात मुलांना ‘खा’ म्हणून कुणी दटावलेलं नाही. वडिलांनी कुरकूर न करता खाल्ली, म्हणून मुलांनी खाल्ली. आबा, घरी भोपळ्याची भाजी असली की तुम्ही काय करता?

आबा : मला भोपळा पहिल्यापासून सोसत नाय.

मावशी : सोसत नाय का आवडत नाय? वहिनी तुमच्यासाठी वेगळं पिठलं टाकते, समद्या आळीला म्हाईत हाय.

(इथे आबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मुद्दा तिथेच सुटला.)

बाई : मी तुम्हाला नावं ठेवत नाही. नवी चव जिभेला एकदम पटत नाही. मूल एखादी भाजी आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळासुद्धा चाखतं, तेव्हा कुठे ती त्याला आपली वाटायला लागते. आपण दोनदा वाढतो आणि तिसऱ्यांदा पाहुण्यांना सांगतो, ‘आमच्याकडं हा कारलं खातच नाही.’ तेही त्याच्यासमोर, जरा कौतुकानंच. मग ते मूल जन्मभर ‘कारलं न खाणारा’ म्हणून मिरवतं.

आबा : मी नातवाला सरळ सांगतो. भाजी संपव, मग चॉकलेट. संपवतो की तो.

बाई : त्या दिवशी संपवतो. लीअन बर्च म्हणून अमेरिकेतल्या एक मानसशास्त्रज्ञ बाई होत्या. लहान मुलांच्या खाण्याच्या आवडीनिवडी हाच त्यांचा अभ्यास. 1984 साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना एक नवं पेय दिलं. काहींना ते पिण्याबद्दल बक्षीस किंवा शाबासकी दिली, काहींना काहीच नाही. बक्षिसावर प्यायलेल्या मुलांना ते पेय पुढे कमी आवडायला लागलं.

आबा : त्याला अमेरिका कशाला? कडू औषध पाजलं की वर गुळाचा खडा देतात. गूळ पुढं आला की पोराला कळतंच, आता कडू येणार.

बाई : अगदी तेच. चॉकलेट दाखवून आपण भाजीला औषध करून टाकलं. याच बाईंनी त्याआधी, 1980 साली, आणखी एक प्रयोग केला होता. एका मुलाला जी भाजी कमी आवडते ती आवडीनं घेणाऱ्या मुलांबरोबर त्याला रोज जेवायला बसवलं. काही दिवसांत तोही ती भाजी मागायला लागला. मी आता पंगत पटाच्या क्रमानं बसवत नाही. मेथी खाणाऱ्या चौघांत एक न खाणारा. ‘खा’ असं म्हणायचं नाही, ताटाकडं बघायचंही नाही.

मावशी : माझं याहून सोपं हाय. दुधी किसायचा, वरणात घोटून टाकायचा. भोपळा उकडून आमटीत. पोरं बोटं चाटून खात्यात, कळत बी नाय.

आबा : हे बेस. पोटात गेल्याशी काम.

बाई : मला ते पुरं पटत नाही. पोटात जातो, पण दुधीची ओळख होत नाही. उद्या हेच मूल मोठं होऊन बाजारात जाईल, तेव्हा त्याला वरण माहीत असेल, दुधी माहीत नसेल.

मावशी : बाई, काही पोरं सकाळी नुसत्या चहावर येत्यात. ओळख मागनं होऊ द्या. आधी पोटात जाऊ द्या.

(यावर बाई थोडा वेळ गप्प होत्या. मग ‘दोन्ही करू’ म्हणाल्या. मला ती हार वाटली नाही.)

आबा : आन् ती तुमची परसबाग? चार वाफे. त्यात 84 पोरांचं काय होतं? पालकाची एक तोडणी केली तर एक दिवसाची आमटी. मे महिन्यात सगळं वाळून जातं. दिवाळीच्या सुट्टीत शेरडं शिरली होती, ते वेगळंच. मी पोटासाठी भाजी पिकवतो, मला कळतं किती पिकतं.

बाई : वजनावर मोजाल तर परसबाग नापासच आहे. मी ती वजनासाठी केलीच नाही. या पावसाळ्यात दुसरीतल्या मुलांनी लाल माठ पेरला. बी इतकं बारीक, की एकानं विचारलं, ‘बाई, ही मोहरीची पोरं का?’ चार दिवसांनी लाल कोंब आले. रोज मधल्या सुट्टीत हात धुतलेलं पाणी वाफ्याला. त्यातला एक मुलगा पालेभाजी म्हटली की तोंड फिरवायचा. माठाची पहिली भाजी झाली, तेव्हा त्यानं आधी भात कालवला. भात गुलाबी झाला. त्यानं शेजाऱ्याला दाखवला. मग एक घास खाल्ला आणि जीभ बाहेर काढून सगळ्या पंगतीला दाखवली. दोन मिनिटांत पंधरा-वीस जिभा बाहेर! मी पौष्टिकतेचा एक शब्द बोलले नव्हते. त्या दिवशी बादलीत माठाचं एक पानही नव्हतं.

आबा : रंगाची मजा म्हणून खाल्ली. रोज का जिभा दाखवणार हायेत?

बाई : रोज नाही. पण आठ-दहा वेळांतली पहिली वेळ झाली.

आबा : बरं, भाजीचं सोडा. पण पोरं फळं खात नाय, हे तुम्ही म्हणूच नका. शाळेच्या मागं बोर हाय, तिथं जाऊन बघा. दगड मारमारून पाडतात. कच्च्या चिंचा खातात, आवळे खातात, मीठ-तिखट लावून कैऱ्या खातात. दात आंबतात तरी सोडत नाय. त्यांना बळजबरी कोण करतं?

बाई : हे मात्र तुमचं शंभर टक्के खरं. आपण फळ म्हटलं की सफरचंद डोळ्यांसमोर आणतो. स्टिकर लावलेलं, आजारी माणसाला न्यायचं. दारच्या पेरूला कुणी फळाचा मान देत नाही. आणि पेरूत क जीवनसत्त्व संत्र्याहून कितीतरी जास्त. आमच्या लहानपणी शाळेच्या दारात एक आजी पाटी घेऊन बसायच्या. बोरं, चिंचा, कवठ, उकडलेल्या शेंगा. आता तिथं पुड्यांच्या माळा लटकतात.

आबा : त्याला कायदा नाय का?

बाई : आहे. 2017 साली राज्य सरकारनं शाळेच्या उपाहारगृहात चिप्स, बर्गर, थंड पेयं विकायला मनाई केली. आपल्या शाळेला उपाहारगृहच नाही, त्यामुळे आपण ती मनाई अगदी काटेकोर पाळतो! मग 2020 मध्ये अन्न सुरक्षेचा केंद्राचा नियम आला. जास्त चरबी, साखर, मिठाचे पदार्थ शाळेच्या आवारापासून 50 मीटरच्या आत विकायचे नाहीत. टपरीवाल्यानं टेप लावून बघितली. बावन्न भरले.

आबा : दोन मीटर चालायला पोराला काय लागतं!

बाई : म्हणून म्हणते, टपरी हटवण्यापेक्षा त्या पाटीवाल्या आजींना परत बोलावू. झाकलेली पाटी, धुतलेली बोरं, दारातच. मुलाच्या हातात पाच रुपये असणारच आहेत. ते कशावर जातात, एवढंच बघायचं.

आबा : एक सांगा. हे सगळं कशासाठी? आम्ही चटणी-भाकरीवर वाढलो, मेलो नाय.

बाई : जे मेले ते हे सांगायला ओट्यावर नाहीत, आबा. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या राज्यातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी जवळजवळ 69 जणांच्या अंगात रक्त कमी निघालं. तीच मुलं पुढे माझ्या पहिलीत येतात. दुपारी डोळे मिटायला लागतात आणि आपण म्हणतो, आळशी आहे.

आबा : आन् मेथी खाल्ली की रक्त भरतं?

बाई : नुसत्या मेथीनं नाही, तसं सांगितलं तर खोटं होईल. जंतांचं औषध हवं, कडधान्य हवं, अंडं मिळालं तर उत्तमच. 2023 च्या नोव्हेंबरात सरकारनं आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्याला केळं. 2025 च्या जानेवारीत त्याचा वेगळा पैसा थांबला. राहिली पालेभाजी. तिच्यात लोह असतं, पण ते अंगाला सहज लागत नाही. त्याच जेवणात लिंबू, पेरू, आवळा असं क जीवनसत्त्वाचं फळ आलं तर बरंच जास्त लागतं. आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी लागतं.

आबा : म्हंजे मेथी आन् पेरू जोडीनं खायचा. आमच्या म्हाताऱ्या पालेभाजीवर लिंबू पिळायच्या, ते उगीच नाय. आन् भोगीची भाजी तरी काय? वांगं, गाजर, घेवडा, पावटा, हरभरा, तीळ, जे शेतात असेल ते एकाच कढईत. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ म्हणतात ना!

बाई : वर्षातून एक दिवस म्हणतात. पण त्या दिवशी मुलंही खातात, कारण त्या दिवशी ती भाजी सण असते. घरातले सगळे खातात आणि वर कौतुक होतं. म्हणूनच तुम्हाला बोलावलं. या भोगीला शाळेत तिथी भोजन करू. ज्याच्या शेतात जे असेल ते त्यानं द्यायचं. बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, वर एकेक पेरू.

आबा : ठरलं. गाजरं, घेवडा माझ्याकडनं. वांगी भावकीतनं आणतो. काय मावशी, बोला की. गप का?

मावशी : ऐकतेय. बाई, तुमचं बी खरं हाय. आबा, तुमचं बी खरं हाय. पन मघापासनं एक इचारायचं राहिलंय. ह्या 25 जुड्या निवडणार कोन?

(पोतं भिंतीशी उभं होतं. वरच्या जुड्यांवर अजून वावरातली माती होती.)

आबा : निवडणार कोण म्हंजे? तुम्हीच की.

मावशी : मग ऐका. जुडीत निम्मा पाला, निम्मं देठ, मुळं आन् माती. 25 जुड्यांचा पाला निघंल चार किलो, म्हंजे बाईंच्या 50 ग्रॅमच्या मापात बसंल. एका जुडीला सहा-सात मिनटं. शंभर पोरांपोत्तर आमी दोघीच बाया, तसा नेमच हाय. दोघी मिळून दीड तास नुस्त्या निवडीत बसायचं. मंग तीन पाण्यानं धुवायची. दाताखाली कचकच माती आली, तर पोरं पुन्ना मेथीचं नाव काढत नाय. मंग चिरायची. तवर तांदूळ कवा निवडू, डाळ कवा शिजवू? मधल्या सुट्टीची घंटा काय माझ्यासाठी थांबती? महिन्याला अडीच हजार, ते बी वर्षातले धा महिने. आता तुमीच सांगा, आठवड्यातले चार दिस मी बटाटा, कोबी, भोपळा का करते? परवडतं म्हनून नाय. उरकतं म्हनून.

(थोडा वेळ कुणीच बोललं नाही. नळाखाली शेवटचं ताट खडखडलं.)

बाई : मी सहा वर्षं इथं आहे. कोबीच का, हे मी मावशींना एकदाही विचारलं नाही. मला वाटायचं, स्वस्त म्हणून असेल.

मावशी : घरी तरी काय निराळं? पोराची आय खुरपणीवरनं सहाला येती. जुडी घेऊन बसंल का भाकरी थापंल? बटाटा चिरती, रस्सा करती. पुडीला काय लागतं? फाडली की झालं. निवडायला नाय, धुवायला नाय, चुलीम्होरं बसायला नाय. पेरूला निदान पुसायला तरी लागतंय.

आबा : मला वाटलं होतं, भाजी फुकट आणली की प्रश्न मिटला.

मावशी : तुमी भाजी आनली, आबा. काम बी आनलं.

आबा : मग पोरांनाच बसवा की निवडायला. 84 पोरं, 168 हात. पाच मिनिटांचं काम.

बाई : आणि उद्या पेपरात फोटो येईल, ‘विद्यार्थ्यांना स्वयंपाकाला जुंपलं’. चुकीचाही नसेल तो. मुलं इथं शिकायला येतात, मावशींचा पगार वाचवायला नाही. मदतनीस वाढवायला हवेत, हे मागणं वेगळं आणि ते मागायलाच हवं.

मावशी : पन बाई, ती वाटाण्याची गोष्ट सांगा की.

बाई : हो, ती खरंच सांगण्यासारखी आहे. मागच्या हिवाळ्यात एक दिवस दुसऱ्या मावशी आजारी होत्या. सकाळी लवकर आलेली पाच-सहा मुलं यांच्याभोवती बसून वाटाणे सोलायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. सोलता सोलता निम्मे दाणे तोंडात. शेंग दोन बोटांत दाबायची, फट्कन आवाज आला की हसायचं, एक दाणा भांड्यात, एक तोंडात. कच्चे वाटाणे, मीठ ना मसाला. आणि आमटीतला शिजलेला वाटाणा रोज बादलीत टाकणारी हीच मुलं.

आबा : मग अडचण कुठं हाय?

बाई : हातानं काम करत शिकणं नवीन नाही. 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली. सेवाग्रामच्या शाळेत शेती, स्वयंपाक, सफाई ही मधल्या वेळची कामं नव्हती, तोच अभ्यास होता. अडचण एवढीच, की काम करून घेणं आणि शिकवणं यांतली रेघ फार बारीक आहे. म्हणून रोज नाही. आठवड्यातून एक तास, परिसर अभ्यासाचा. प्रत्येक गटाला एकच जुडी. मूळ, खोड, पान हातात घेऊन बघायचं, वास घ्यायचा, एक पान चावायचं. चार किलो निवडून काढायची जबाबदारी त्यांची नाही. आणि खरी भीती दुसरीच आहे.

आबा : कसली?

बाई : ‘चला, निवडायला या’ म्हटलं की मुली आपोआप पुढे येतील आणि मुलगे बॅट घेऊन बाहेर पळतील. वीस वर्षांनी त्या मुली खुरपणीवरून सहाला येतील आणि मुलगे विचारतील, ‘आज भाजी काय?’

आबा : तसं काय नाय. मी आजच गावातल्या बायकांना निरोप देतो. उद्या सकाळी येऊन बसतील, तासाभरात सगळं निवडून देतील.

मावशी : बायकांनाच का?

आबा : म्हंजे... त्यांना सवय असते ना.

मावशी : सवय आईच्या पोटातनं येती व्हय? आत्ताच बाई म्हनाल्या, आठ-धा वेळा केलं की होती.

मावशी उठल्या. पोत्यातली वरची जुडी काढली, सुतळी सोडली आणि आबांच्या पुढ्यात कागदावर मेथी पसरली. आबा हसले, आमच्याकडे बघून ‘बघा आता’ अशा अर्थानं मान हलवली आणि बाह्या सारल्या. मेथीचं बी किती खोल पेरायचं, पाणी कितव्या दिवशी, पहाटे किती वाजता उपटली की बाजारात टवटवीत दिसते, शेकड्याला आज काय भाव निघाला, हे सगळं त्यांना तोंडपाठ. चाळीस वर्षांत किती हजार जुड्या त्यांच्या हातून बाजारात गेल्या असतील, देव जाणे.

त्यांनी एक काडी उचलली आणि मुळापासून शेंड्यापर्यंत ओरबाडली. पान, जून देठ, मधे एक पिवळं पडलेलं पान, सगळं एकदम ताटलीत.

ताट धुऊन परतलेला नातू शेजारी उभा होता. थोडा वेळ त्यानं बघितलं, मग राहवेना.

‘आबा, असं नाय. जून देठ टाकायचं, कोवळं राहू द्यायचं. आन् पिवळं पान बाजूला. मागच्या शुक्रवारी बाईंनी दाखवलंय.’

तो त्यांच्या मांडीला मांडी लावून बसला आणि काडी कशी धरायची ते दाखवू लागला. आबांनी चष्मा लावला. मधेच नातवानं एक पान तोंडात टाकलं, तोंड वाकडं केलं, आणि जरा वेळानं दुसरं टाकलं. त्याला कुणी काही म्हटलं नाही.

वीस मिनिटांनी आबांची एक जुडी झाली. त्यांनी पाठ सरळ केली, कमरेवर हात ठेवला आणि पोत्याकडे बघितलं. आत अजून 24 होत्या.